काटा खरा, वजन खोटं

दिग्रसच्या बाहेर बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये त्या गुरुवारी एवढी गर्दी होती की, जिनिंग चालू असतानाही तिथं कधी एवढी माणसं जमली नसतील. तेव्हा कापूस यायचा, आता माणसं येत होती. पिंजायचं काम मात्र पहिल्यासारखंच चालू होतं.

शेडच्या मधोमध पोती तोलायचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा मांडला होता. त्याला झेंडूचा हार, चारी कोपऱ्यांना लिंबं, आणि जिथं आकडे उमटतात तिथं वर कुंकवाची पाच बोटं. काट्यामागं गादीवर बसले होते तृप्तीनाथ महाराज. पोटाच्या रोगांवर त्यांचा हात होता, आणि स्वतःच्या पोटावर दोन्ही हात ठेवून बसायची त्यांना सवय होती. पोट मोठं होतं, हात पुरत नव्हते.

"डॉक्टर काय देते? चिठ्ठी देते!" महाराज माइकवर गरजत होते. "आम्ही वजन देतो! सुबह खाली पेट आओ, शाम को भर के जाओ! रोगी सूखता क्यूँ है? कारण करणी त्याचं अन्न आतल्या आत खाते. आम्ही करणी बांधतो. विश्वास नाही? काट्याले विचारा. काटा कोणाचा भाऊ नाही!"

ढोल वाजला. सकाळी उपाशीपोटी तोललेली म्हातारी दुपारी पुन्हा काट्यावर चढली. मधल्या वेळात तिनं भजन ऐकलं होतं, गुळात कालवलेला अंगारा खाल्ला होता आणि तुळशीचं तीर्थ तांब्यावर तांब्या प्यायली होती. लाल आकडे लुकलुकले आणि सकाळपेक्षा दीड किलो वर जाऊन थांबले. लोकांनी असा गजर केला की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

गर्दीत पुढच्या रांगेत रंजिता बसली होती. तिच्या एका बाजूला सासू धुरपताबाई, दुसऱ्या बाजूला नवरा भारत. रंजिता सव्वीस वर्षांची, अंगानं तुराटीसारखी वाळलेली. ब्लाऊजच्या आत छातीवर पट्टी, आणि पट्टीखालून निघालेली एक बारीक नळी.

त्या नळीची गोष्ट अशी. तीन वर्षांपूर्वी रंजिताच्या आतड्याला पीळ पडला. नागपूरला नेईपर्यंत आतडं काळं पडलं होतं. डॉक्टरांनी ते कापून काढलं आणि जीव वाचवला. माणसाच्या पोटात वीसेक फूट लहान आतडं असतं, तिच्या पोटात हात-दीड हात उरलं. खाल्लेल्या अन्नाचा रस शोषायचं काम आतड्याचं. शोषणारंच नाही, तर भाकर खा नाहीतर श्रीखंड खा, आलं तसं निघून जातं. म्हणून तिचं जेवण दुसऱ्या वाटेनं व्हायचं. रोज झोपताना दुधासारख्या पांढऱ्या औषधाची पिशवी खुंटीला टांगायची, कोपरापर्यंत हात साबणानं धुवायचे, तोंडाला फडकं बांधायचं आणि पिशवीची नळी छातीतल्या नळीला जोडायची. सकाळपर्यंत अन्न थेट रक्तात. तोंडानं थोडंथोडं खायची मुभा होती. पण साधं पाणी ढसाढसा प्यायचं नाही, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घ्यायचं. साधं पाणी अशा पोटातून जाताना अंगातलं मीठही ओढून नेतं.

त्यांच्या बंजारा तांड्यावर या पिशवीची चर्चा नसती तरच नवल. कोणी म्हणे, हिरासिंगची सून छातीनं दूध पिते. कोणी म्हणे, डॉक्टरनं तिच्या काळजात नळ बसवला. कोणी भेटायला आलं की डोळे पिशवीवर आणि हात नाकाला.

आणि धुरपताबाई रोज रडायची. सुनेवर तिचा जीव होता. आपण बाजरीची भाकर मोडायची आणि समोर सुनेनं वाटीभर वरण चाखून ताट सरकवायचं, हे तिला बघवत नव्हतं. "कवाबी पोटभर नाही खाल्लं पोरीनं," म्हणायची. "नळीनं जेवणं म्हणजे काय जेवणं होय का?"

म्हणून ते महाराजांकडे आले होते. पण रंजिताचा सासरा हिरासिंग भक्तीनं आला नव्हता. तो आला काटा तपासायला.

हिरासिंगची पंचक्रोशीत ख्याती होती. कापसाच्या व्यापाऱ्यानं काटा मारला, तर तो लांबून ओळखायचा. काट्याखाली खडा ठेवणारे, बॅटरीत गडबड करणारे, असे कितीतरी त्यानं पकडून दिले होते. त्या सकाळी तो खताचं पन्नास किलोचं सीलबंद पोतं ट्रॅक्टरमध्ये टाकून आला आणि त्यानं ते सगळ्यांसमोर महाराजांच्या काट्यावर आपटलं. आकडा बरोबर पन्नास. त्यानं काट्याखाली वाकून पाहिलं, वायर ओढून पाहिली, पुन्हा पोतं ठेवलं. पुन्हा पन्नास.

"काटा खरा हाय," हिरासिंगनं जाहीर केलं.

झालं! हिरासिंगनं काटा पास केला म्हटल्यावर अर्धा तालुका महाराजांच्या पायावर. महाराजांना जाहिरातीला एवढा मोठा माणूस फुकटात मिळाला.

मग रंजिताला तोललं. सकाळी एकतीस किलो, मग तोच अंगारा आणि तेच तीर्थ, दुपारी तेहतीस. धुरपताबाईनं काट्यालाच नमस्कार केला. खरं सांगायचं तर रंजिताही भुलली. तीन वर्षांत तिचं वजन असं उडी मारून कधी चढलं नव्हतं. एका क्षणात तिला पुरणाची पोळी दिसली, वर तुपाची धार. तिनं डोळे पुसले.

महाराजांनी तिच्या छातीकडे बोट केलं. "ही नळी करणीची वाट आहे! पिशवी आजपासून बंद. सकाळ-दुपार-संध्याकाळ अंगारा, आणि तीर्थ जेवढं जाईल तेवढं. पुढच्या गुरुवारी सबके सामने ही नळी मी माझ्या हातानं उपटतो!"

लोकांनी जयजयकार केला. दुसऱ्याच्या छातीतली नळी उपटायची असली की लोकांचा उत्साह बघण्यासारखा असतो.

पिशवी बंद झाली. पहिला दिवस चमत्काराचा गेला. जी पोरगी दिवसात दहादा परसाकडे पळायची, ती एकदाच गेली. धुरपताबाईनं शेजारणींना हे हळदीकुंकवाच्या आमंत्रणासारखं दारोदार सांगितलं. दुसऱ्या दिवशी रंजिताचे डोळे खोल गेले. तिसऱ्या दिवशी भांडं उचलताना तिच्या हाताची बोटं वाकडी झाली ती सरळ होईनात. भारतनं घाबरून नागपूरच्या डॉक्टर अर्पिता मॅडमना फोन लावला.

"पिशवी बंद कुणी केली?" मॅडम ओरडल्या ते ओसरीवर बसलेल्या हिरासिंगलाही ऐकू गेलं. "आत्ता लावा. आत्ताच्या आत्ता! आणि उद्या तिला घेऊन या, रक्त तपासायचंय. नळी कुणी ओढली तर रक्ताची धार लागेल, समजलं का?"

भारतनं पिशवी लावली. धुरपताबाई दाराशी उभी राहून बोलली, "लावा बाप्पा, लावा. महाराजांचा शब्द मोडा. गुरुवारी म्या तिले स्वतः घेऊन जाईन. नळी निघाल्याबिगर माही पोरगी सुटत नाही."

नागपूरहून परतल्यावर बोटं सरळ झाली. पण रंजिताच्या डोक्यात एक गोष्ट अडकून राहिली होती. पोट कडी लावल्यासारखं थांबलं कसं? करणी खरंच बांधली?

उत्तर सासूकडून आलं. धुरपताबाई चुलीपुढं बसून पोट दाबत होती.

"याडी, काय झालं व?" रंजितानं विचारलं. तांड्यावर आईला याडी म्हणतात, ती सासूलाही तेच म्हणायची.

"काही नाही."

"सांग ना."

धुरपताबाई खाली बघत पुटपुटली, "परसाकडे नाही झालं. शनवारपासून. दगड झाला पोटात."

"तू अंगारा खाऊन राह्यली का?"

"तुह्यासंग मीबी खाल्ला. दोघीनं खाल्ला तर दुप्पट गुण येईन म्हटलं."

रंजिता हसायला लागली. हसता हसता उठली, अंगाऱ्याची गोळी पाण्यात धुतली, गूळ विरघळू दिला आणि खाली उरलेली राख जिभेवर ठेवली. राख फिकी लागते, फार तर खारट. ही कडू होती. ती कडू चव तिच्या ओळखीची होती. जुलाब आवरायच्या गोळ्या ती डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तीन वर्षं कुटून खात होती. तिनं आपली एक गोळी कुटली, चाखली, आणि पुन्हा राख चाखली. तोच कडवटपणा.

फोनवर मॅडम म्हणाल्या, "चव म्हणजे तपासणी नव्हे, थोडी पुडीत बांधून माझ्याकडे पाठव. पण खाऊ नका कोणी. मोजून दिली तर ती गोळी औषध आहे. मूठ मूठ खाल्ली तर काळजाचे ठोके चुकतात."

"आन् वजन?" धुरपताबाई हट्टाला पेटली. "वजन तर वाढलं! तुह्या सासऱ्यानं काटा पाह्यला. काटा खरा हाय!"

"काटा खराच हाय," रंजिता म्हणाली. "गुरुवारी चल तू. मीबी येतो."

गुरुवारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नळी उपटायचा सोहळा होता ना! महाराज भगव्या रेशमात सजले होते. शेजारी तबकात नवी कोरी पक्कड, तिलाही हळदकुंकू.

"आओ बेटी! मोकळी हो!"

रंजिता उठली. सासऱ्यापुढं सुनेनं मोठ्यानं बोलायचं नाही ही तांड्याची जुनी रीत. तिनं पदर डोक्यावर घेतला, रीत तेवढी पाळली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "महाराज, नळी काढजा. पण आधी माह्या सासऱ्याले तोला."

"त्यांना काय झालंय?"

"काहीच नाही. म्हणूनच तोला."

लोक हसले. हिरासिंग गोंधळला, पण काटा म्हटलं की त्याचे पाय आपोआप चालत. तो रिकामा तांब्या हातात घेऊन काट्यावर उभा राहिला. बहात्तर किलो.

"आता तीर्थ भरा त्या तांब्यात. काठोकाठ. मोठा तांब्या हाय."

तीर्थ भरलं. आकडा चढला, चौऱ्याहत्तरला आला.

"बा, आता तिथंच उभं राहून पिऊन टाका."

हिरासिंगनं तांब्या तोंडाला लावला. शेडमध्ये फक्त त्याच्या घशाचा आवाज. पिऊन झालं, रिकामा तांब्या हातात. सगळ्यांचे डोळे आकड्यावर. चौऱ्याहत्तरच.

"पाणी हातात होतं तवा तेवढंच, पोटात गेलं तवाबी तेवढंच," रंजिता म्हणाली. "महाराज, तांब्यावर कोणी करणी केलती?"

महाराज तयारीचे होते. "बेटी, ही कृपा आहे! सुनेचं पुण्य सासऱ्याले लागलं!"

आणि काय सांगावं, दोन-चार माना हलल्यासुद्धा.

पण हिरासिंग काट्यावरून उतरला नव्हता. तो आकड्याकडे बघत होता, कुठंतरी खोल काहीतरी उमगत होतं. मग त्यानं कपाळावर हात मारला.

"अरे, आपण गाडी भरतो तवा कापसावर पाणी मारत नाही काय?"

माना खाली गेल्या. कारण समोरच्या प्रत्येक कास्तकारानं कधी ना कधी मारलं होतं.

"जलमभर मी व्यापाऱ्याचा काटा तपासला," हिरासिंग म्हणाला. "काटा खरा निघाला की समाधान. माल कोण तपासते? मालात पाणी आपणच मारतो ना बाप्पा! या बुवानं तेच केलं. काटा खरा ठेवला आन् माल भिजवला!"

आधी मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळी शेड हसली, थोडी शरमून, थोडी मनापासून.

"नास्तिक हो तुम!" महाराज ओरडले. "अंगाऱ्याचा गुण पाहिला नाही?"

"पाह्यला ना!" आता धुरपताबाई उठली. असं बोलायला तिला सुनेनं शिकवलं नव्हतं, पोटानं शिकवलं होतं. "माह्या पोटात दगड झाला तुह्या अंगाऱ्यानं! जुलाब आवरायच्या गोळ्या कुटून घालून राह्यला काय रे राखेत? नसन घालत तर घे, एक मूठ तूच खाय. खाय ना! सगळ्याइच्या समोर खाय!"

तिनं तबकातला अंगारा मूठभर उचलून महाराजांच्या तोंडापुढं धरला. महाराज मागं सरकले.

"आम्ही देणारे. आम्ही घेत नाही."

"कायले घेत नाही? पवित्र हाय ना?"

महाराज आणखी मागं सरकले, आणि गादीवरून गडगडले. त्यांना धरायला धावलेल्या चेल्याच्या धक्क्यानं मागच्या खोलीचा पडदा सुटला. आत खलबत्ता होता, शेण्यांची राख होती, आणि फोडलेल्या गोळ्यांच्या पाकिटांचा ढीग. कोणाला वाचून दाखवायची गरज पडली नाही. गर्दीतल्या दहा जणांच्या घरी त्या गोळ्या होत्याच.

भारतनं पोलिसांना बोलावलं. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तो अशाच दिवसांसाठी आहे. लोक मात्र पोलीस येईपर्यंत थांबले नाहीत. साक्षीला नाव द्यावं लागलं असतं.

घरी येताना ट्रॅक्टरवर धुरपताबाई सुनेला चिकटून बसली. मग सुनेचा हात हातात घेऊन म्हणाली, "मंग तू बरी कवा होशीन व?"

रंजितानं खोटं सांगितलं नाही. खोटं ऐकून ते नुकतेच आले होते.

"बरी नाही होत, याडी. आतडं पुन्हा उगवत नाही. पुढं काही नवीन औषध निघालं तर निघालं. पण पिशवी लावली, हात नीट धुतले, नळीत घाण जाऊ दिली नाही, तर जगतो मी. तुह्यासंगं बसून वाटीभर वरण खात जगतो."

धुरपताबाईनं नाक ओढलं. "वाटीभर तर वाटीभर."

घरी पोचल्यावर तिनं कधी नव्हे ते साबण घेतला, कोपरापर्यंत हात घासले आणि म्हणाली, "दाखव मले, कशी लावतात ते."

बायाबापड्यांनो, जुना आजार घरात असला की माणूस थकतो, आणि थकलेल्या माणसाला 'बरं करतो' हा शब्द फार गोड लागतो. लागू द्या. त्यात लाज नाही. पण जो कोणी गोड बोलून चालू औषध बंद करायला सांगेल, त्याला तिथंच विचारा, का? कशानं? दाखव. पुन्हा करून दाखव, आमच्यासमोर, आम्ही सांगू तसं. खरा वैद्य अशा प्रश्नाला चिडत नाही. जो चिडला, त्याच्या दारातून आपलं माणूस उचला आणि घरी घेऊन या.