सावली पाहुण्यांना, डाग मला

मी चारुशीलाबाईंच्या टेबलावरचं काडतूस बोलतोय. घाबरू नका, माझ्या पोटातली दारू केव्हाच काढून घेतली आहे. उरलंय ते पितळ आणि राग.

मी मावल्या गावातल्या शस्त्रांच्या एका कार्यशाळेत जन्मलो. हलक्या मशीनगनची लहान गोळी दूर पोचत नाही. मोठी पोचते, पण तिच्या ओझ्यानं जवान वाकतो. म्हणून दोन्हींच्या मधलं काडतूस करायचं ठरलं आणि तिथल्या अभियंता असलेल्या बाईंनी त्यापायी सहा वर्षं घातली. माझी मान किती निमुळती असावी, याच्या रेघा त्या लग्नपत्रिकांच्या मागेसुद्धा ओढत. पोटच्या पोरासारखं जपलं मला, ते मी नाकारणार नाही.

लेथवर मला घडवलं नार्नूरकडच्या बापूजींनी. प्रत्येक काडतूस अंगठ्यानं चाचपून ते म्हणत, "बाप्पा, नीट जाजो."

मे महिन्यात मोठी चाचणी ठरली. त्यात पास झालो तर फौजेत जाणार, नाहीतर आमचं घराणं तिथंच संपणार. माळावर एकच मांडव होता. काडतुसांची पेटी सावलीतच ठेवायची, असा नियम. कारण दारू फार तापली की दाब वाढतो, पितळ फुगतं आणि बंदुकीत अडकून बसतं. हा नियम बाईंनीच लिहिलेला.

ऐनवेळी वरचे साहेब ठरल्यापेक्षा जास्त आले. पाहुण्याला उन्हात बसवणं आपल्याकडे महापाप. बाई लगबगीनं म्हणाल्या, "बापूजी, पेटी बाहेर सरकवा. खुर्च्या आत घ्या आणि ताक फिरवा."

"म्याडम, ऊन लई हाय. पेटी तापून राह्यली."

"पाचच मिनिटं हो."

भाषणं दीड तास चालली. मग गोळीबार सुरू झाला. बंदुकीला लावलेल्या काडतुसांच्या पट्ट्यात मी तिसावा होतो. माझ्या पुढचा एकोणतिसावा बंदुकीत अडकला आणि सगळं थांबलं. साहेब लोक ताकाची तारीफ करत गाडीत बसले.

अहवालात आलं, 'हे काडतूस उष्णता सोसत नाही.' खाली सही बाईंची. बापूजी तडक त्यांच्याकडे गेले.

"पेटी उनात व्हती, हे काऊन नाही लिवलं तुमी?"

"काय लिहू? साहेबांच्या खुर्च्यांसाठी पेटी मीच बाहेर काढली म्हणून? माझी नोकरी राहील का, बापूजी?"

नोकरी राहिली, वर बढतीही मिळाली. माझे सगळे भाऊ भट्टीत गेले. मला तेवढं नमुना म्हणून ठेवलं, अंगावर 'अयशस्वी' अशी चिठ्ठी डकवून. परक्यानं केलं असतं तर सोसलं असतं. पण जिनं घडवलं तिनंच केसानं गळा कापला, हे मला अजून पचत नाही.

गेल्या आठवड्यात बापूजी निवृत्त झाले. बाईंनी शाल पुढे केली. ते म्हणाले, "शाल नको मले. एकडाव म्हणा, त्याची चूक नव्हती."

खोलीत आम्ही तिघंच होतो. बाईंनी मला उचललं, चिठ्ठीवरून बोट फिरवलं. ओठ हलले. वाटलं, आता म्हणतील. मग मला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "चहा घेऊन जा, बापूजी."

बापूजी चहा न घेता गेले.

चारुशीलाबाई, मला खुशाल भट्टीत टाका. फक्त आधी ही चिठ्ठी तुमच्या हातानं काढा. मी तर उभ्या जन्मात एकदाही उडालो नाही, मग फसलो केव्हा, तेवढं सांगा.