चेअरमन घोरत न्हाईत

आमचे मालक घोरत न्हाईत. हे आधीच सांगून ठेवते, कावून की गावात कुणालाही इचारा, हेच सांगतील. सेवा सोसायटीचे चेअरमन मोहनराव घोरत न्हाईत. दुष्काळात बी न्हाई आन् सुकाळात बी न्हाई. आता आमच्या पत्र्यावरची कबुतरं रात्री कावून उडून जातात, शेजारची म्हातारी देवाचं नाव घेत कावून उठून बसती, ते ज्याचं त्यानं बघावं.

मी त्यांची बायको, विमल. लग्न होऊन या घरात आले तवापासून मी झोपलेली न्हाई. डोळे मिटले असतील, पडून ऱ्हायले असंल, पण झोप म्हणतात ती न्हाई. चेअरमनचं कसं हाय, पाठ टेकली की लागले. आधी बारीक, फुंकणीनं चूल फुंकावी तसं. मग ट्रॅक्टर चढाला लागल्यावाणी. ते बी एकवेळ चालंल. पण मधीच सगळं बंद. श्वासच अडकायचा. मी उठून बसायची, हलवू का नको, हलवू का नको. आन् मग असा दणका देऊन परत चालू, की माझाच जीव जायचा बाकी. सकाळी ताजेतवाने उठायचे आन् मलाच इचारायचे, "कावून गं, तोंड उतरलंय तुझं? येळेवर झोपत जा की."

एकदा मी सांगून टाकलं, "अहो, तुमी लई घोरता."

"मी? अगं, मी घोरलो असतो तर मला ऐकू आलं नसतं का?"

या डोक्यावर आमची सोसायटी चालती.

उपाय म्हणाल तर कमी केले न्हाईत. सासूबाई होत्या तवा त्या म्हणल्या, नाकात तूप सोड. सोडलं. घोरणं जरा गुळगुळीत झालं, बाकी काही न्हाई. कुणी म्हणलं, कुशीवर झोपव. मी त्यांच्या बंडीला पाठीवर खिसा शिवला आन् त्यात एक बारकं कवठ घातलं. उताणं झालं की टोचंल, असा हिशेब. सकाळी कवठाला तडा गेलता, घोरण्याला न्हाई. वर पाठीत उसण भरली म्हणून दिवसभर माझ्याकडूनच शेकून घेतली. नारायणगडावर नवस बोलायला निघाले, तर हे बी संगं आले आन् कीर्तनातच लागले. बुवांनी दोनदा थांबून मागं बघितलं, पण चेअरमनला उठवणार कोण? शेवटी मी माझ्याच कानात कापूस कोंबला. तर पहाटं टँकर येऊन गेला ते मला कळलंच न्हाई. ऐन उन्हाळ्यात चेअरमनच्या घरात प्यायला पाणी न्हाई. "एवढी गाढ झोप लागतीच कशी गं तुला?" असं म्हणले. मला!

त्या साली पाऊस झालाच न्हाई. टँकर आडात पाणी वतायचा आन् आमी बाया दोरानं शेंदून घ्यायचो. एक दिवस भर दुपारी, बादली वर येतीय न येतीय तोवर मला काठावर उभ्या उभ्या डुलकी लागली. माझी जाऊ छबुबाई बाजूला होती म्हणून बरं, तिनं पदराला धरून मागं वढलं. बादली दोरासकट खाली गेली. मी तिथंच बसले.

"अक्का, आज मी होते," छबुबाई म्हणली. "उद्या कोण असंल?"

त्या दिवशी मी चेअरमनच्या पुढं जाऊन उभी ऱ्हायले. म्हणलं, "बीडला चला. नाक-कान-घशाचे डॉक्टर हायत, मी मागं बाजाराला गेलते तवा इचारून आलेय. ते म्हणले, मधी श्वास अडकतो ते बरं न्हाई. एक रात अंगाला तारा लावून झोपवतात आन् बघतात. वजन कमी करा म्हणतात, रात्री उशिरा जेवू नका म्हणतात. गरज पडली तर नाकाला लावायचं मशीन देतात. मग आवाज बी न्हाई आन् श्वास बी अडकत न्हाई."

"निवडणूक तोंडावर आलीय. चेअरमन नाकाला मशीन लावून झोपतो हे विरोधातल्या बबनरावला कळलं तर पोस्टर छापंल तो. आन् मुळात मी घोरतच न्हाई."

"अहो, मी आज आडात पडले असते."

"मग माणसानं काठावर बघून उभं ऱ्हावं."

असा राग आला म्हणून सांगू, हाताशी कवठ असतं तर डोक्यातच घातलं असतं.

त्याच महिन्यात गावाबाहेरच्या माळावर सोसायटीची चारा छावणी सुरू झाली. ज्याचं जनावर त्याच्या घरचं एक माणूस तिथं ऱ्हायलंच पाहिजे, असा नियम. आमची बैलं आन् गाय तिथं, आन् त्यांच्यापाशी आमचा सालगडी बंकट. एक दिवस त्याची भाकरी घेऊन मी गेले. "मालकीणबाई, जरा ध्यान ठेवा, मी चारा घेऊन आलोच," म्हणून तो रांगेत गेला आन् मी गव्हाणीपाशी पोत्यावर टेकले. चारी अंगाला जनावरं, चारा कापायच्या कुट्टी मशीनची धडधड, स्पीकरवर कुणाकुणाची नावं पुकारतेत, माश्यांचं तर इचारूच नका. जागी झाले तवा दिस मावळायला आलता.

शेजारच्या दावणीला धनगरवाड्याची सारजाबाई तिच्या म्हशी घेऊन ऱ्हात होती. ती हसायला लागली. "बाई, मेलीस का जित्ती हायेस बघाया मी दोनदा तुझ्या नाकाशी हात धरला."

मला एकदम रडूच आलं. दुखलं-खुपलं काही नव्हतं. लई बरं वाटलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बंकटला शेतावर धाडलं आन् वाकळ काखेत मारून मीच छावणीत ऱ्हायला गेले. चेअरमन खूश. चेअरमनच्या घरची बाई सोता जनावरापाशी! पेपरवाल्याला बोलावून माझा गाईसंगं फोटो काढला. खाली छापून आलं, 'सहकाराची सुरुवात घरापासून'. फोटोत गाय जागी हाय, मी पेंगतेय.

पण गावाला आठ-पंधरा दिसांत दुसरंच सुचायला लागलं. बाई घर सोडून माळावर ऱ्हाती म्हणजे काहीतरी शिजलं असणार. कुणी म्हणलं मारलं असंल, कुणी म्हणलं चेअरमनची बाहेर भानगड हाय. बबनरावाला तर दिवाळीच. तो कधीपासून चेअरमनच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला. पारावर बसून म्हणायला लागला, "ज्याला एक बायको संभाळंना, तो गावची जनावरं काय संभाळणार बे?"

मग चेअरमन धावत छावणीत आले. "चल, घरी चल."

"घोरता का तुमी?"

"न्हाई."

"मग मी इथंच बरी हाय."

नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. वर बीडला चला म्हणले असते तर मी वाकळ बी तिथंच टाकून निघाले असते. पण पाय आपटत गेले.

सोसायटीची वार्षिक सभा छावणीच्याच मांडवात भरली. आमी बाया एका कडंला बसलेलो. अहवाल झाला, चहा झाला, आन् बबनराव उभा ऱ्हायला.

"मुक्या जनावराला निवारा दिला, लई उपकार झाले. पर एक सांगा चेअरमनसाहेब, तुमच्या कुटुंबाला घर सोडून दावणीला कावून झोपावं लागतं?"

सगळ्या माना चेअरमनकडं वळल्या. म्हणलं, आता चेअरमन सापडले. एक तर बायको नांदंना हे कबूल करा, न्हाईतर मी घोरतो म्हणा. बदनामीपरीस घोरणं कधीबी स्वस्त. आज म्हणतील, सगळ्या गावासमोर म्हणतील.

चेअरमननी माईक हातात घेतला. घसा खाकरला. कोरडे डोळे रुमालानं पुसले.

"बांधवांनो, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नये म्हणून आजवर गप ऱ्हायलो. आमचं कुटुंब घोरतं."

मी ऐकतच ऱ्हायले.

"लई घोरतं. पर मी एका शब्दानं कधी बोललो न्हाई. रातभर जागायचो आन् सकाळी तुमच्या सेवेला हजर व्हायचो. आता छावणीचा भार डोक्यावर, झोप तर पाहिजे. तवा तीच बिचारी म्हणली, मी जाते."

आधी खसखस पिकली, मग टाळ्या. एका म्हाताऱ्या सभासदाचे तर खरंच डोळे भरून आले. सेक्रेटरी पंडितनी बसल्या जागी अभिनंदनाचा ठराव मांडला, चेअरमनसाहेबांनी दाखवलेल्या सहनशीलतेबद्दल. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, सर्वानुमते मंजूर. बबनरावानं बी हात वर केला, करतो काय.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. छबुबाईनं कोपरानं ढोसलं, "अक्का, ऊठ. खरं काय ते सांगून टाक." मी उठले. पदर खोचला. तोंड उघडलं, आन् तेवढ्यात एक इचार आला. खरं सांगितलं तर काय हुईल? चेअरमन पडतील, त्याचं खापर माझ्यावर फुटंल, आन् रात्री परत तीच खोली, तोच ट्रॅक्टर. खोटं कबूल केलं तर झोप मिळंल. अब्रू जाईल म्हणाल तर जाऊ द्या, अब्रू उशाला घेऊन जागत बसण्यात काय मजा हाय?

"व्हय," मी म्हणलं. "मी घोरते. लई घोरते. मालकांनी लई सोसलं. आता गावानंच त्यांच्या झोपेचा ठराव केलाय, तर मी पुन्हा त्या खोलीत पाय ठेवणार न्हाई. छावणी हाय तवर इथं झोपंन, आन् छावणी उठली की मागच्या खोलीत."

माझ्यासाठी बी टाळ्या पडल्या. चेअरमनचं तोंड तेवढं बघण्यासारखं झालतं. पण ठराव झाला म्हणजे झाला.

सांजच्याला मी वाकळ झटकतेय तर छबुबाई आली. तिच्या बी काखेत वाकळ.

"तू गं कावून आलीस?"

"मी बी घोरायला लागलेय, अक्का. दुपारपासून."

दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाई आली. मग तिची सून आली, दोघींची भांडणं असताना. आन् त्यानंतर कोण यावं? तुळजाबाई. बबनरावाची बायको. "आमचे तर झोपेत बी भाषण करतेत," म्हणली आन् एका कडंला आडवी झाली. एकाबी नवऱ्याला आडवं येता येईना. घोरणारीनं छावणीत झोपावं, हे चेअरमननीच दाखवून दिलेलं. आता माझी बायको घोरत न्हाई, मीच घोरतो, असं उठून सांगणारा मर्द आमच्या तालुक्यात अजून जन्मायचाय.

मला वाटलतं, एवढ्या बाया जमल्या म्हणजे गप्पांना ऊत येईल. कसल्या गप्पा? जी ती आली, वाकळ टाकली आन् मेल्यावाणी झोपली. त्या ओळीकडं बघून मला भडभडून आलं. इतकी वर्षं मला वाटायचं, गावात जागी मी एकटीच हाय.

मग घराघरातून चेअरमनकडं तक्रारी सुरू झाल्या. सकाळी चहा न्हाई, भाकरीला उशीर, पाण्याच्या रांगेत बाप्यांना उभं ऱ्हावं लागतंय, आवरा आता हे. एक दिवस दिस उगवायच्या आधीच चेअरमन आमाला घरी न्यायला आले. वाटंवरनं भाषणाची जुळवाजुळव पुटपुटत आलते. वहाणांचा आवाज ऐकून मी डोळे किलकिले केले.

ओळीच्या डोक्याशी येऊन ते थांबले. भाषण काही सुरू होईना. बैल रवंथ करत होते, सारजाबाईची म्हैस एकदा फुरफुरली. बाया तेवढ्या गप. ठरावानं घोरणाऱ्या एवढ्या बाया एका ओळीत झोपलेल्या, आन् आवाज एकीचाबी न्हाई. चेअरमननी वाकून कान दिला. छबुबाईपाशी थांबले, तुळजाबाईपाशी थांबले. पार शेवटापर्यंत गेले आन् परत आले. मग माझ्या उशाशी, गव्हाणीला टेकून, पांढऱ्या धोतरानिशी शेणात बसले.

मग हळूच म्हणले, "विमल, मी लई मोठ्यानं घोरतो का गं?"

या एका प्रश्नासाठी मी जन्म काढलाय. उत्तर पाठ होतं माझं, पहिल्या रातीपासून आडाच्या काठापर्यंत. उठून बसले असते तर दुपारपर्यंत बोलले असते. पण डोळ्यांवर अशी झापड होती, की जीभच उचलंना.

"मग सांगते," मी म्हणलं. "आता झोपू द्या."

आन् कूस बदलून झोपले.