ताईच्या दाराची पाटी

वडील गेल्यावर त्यांच्या टेबलाची एकच धड फळी उरली होती. ताईच्या नव्या घराची पाटी त्याच फळीवर कोरायची, असं धाकट्या भावाने ठरवलं. संगणकावर चालणाऱ्या, लाकूड कोरायच्या घरच्या छोट्या सीएनसी मशीनवर त्याचा हात चांगला बसला होता.

बायको म्हणाली, "आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर करून बघा."

"त्यात काय बघायचंय?" म्हणत त्याने फळीच्या एका कोपऱ्यावर कटरचं निमुळतं टोक टेकवलं, तिथलीच उंची सगळ्या फळीसाठी शून्य धरली आणि मशीन सुरू केलं.

फळी मध्ये फुगली होती, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. कडेची अक्षरं झकास उमटली; मधोमध मात्र कटर खोल घुसत गेला आणि अक्षरं जाड होऊन एकमेकांत मिसळली. त्याने बटण दाबेपर्यंत ताईच्या नावाचा चेंदामेंदा झाला होता.

ताईने फळीवरून हात फिरवला. "याच टेबलावर बाबांनी मला पाढे शिकवले रे," एवढंच ती म्हणाली. "असू दे, लावते मी."

ती चार शब्द रागाने बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढे तो तिच्याकडे गेला, तेव्हा दारावर बाजारातली पितळी पाटी होती. फळीचं काय झालं, हे विचारायला त्याची जीभ रेटली नाही.