भारी पेट्रोलचा मान

चांगुणानं गाडीवरून उडी मारली, हँडल पोटाशी घेतलं आणि दुधनेच्या पुलापुढचा चढ स्कूटर ढकलत चढायला लागली. इंजिन चालू होतं, पण पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसं वाजत होतं. पाठीवर माणूस नव्हतं तरी गाडीला स्वतःचंच ओझं पेलवत नव्हतं.

निम्म्या चढावर मागून जीप आली. लष्कराच्या लिलावात घेतलेली, चांगुणाच्या आईबापाच्या लग्नाहूनही जुनी जीप. वडील, बन्सीधर, चालवत होते आणि शेजारी तिचे आजोबा आबासाहेब फेटा सावरत बसले होते. जीप थांबली.

"आज पुन्यांदा?" आबासाहेबांनी विचारलं.

"चढावर दम टाकायलीय, आबा."

"गाडी दम टाकती का तुज्या हातानं टाकवती? आमच्या जीपीला बघ. बापाच्या वयाची हाय, पण कधी खोकली न्हाई."

"दवाखान्यात न्यावी म्हनतो," वडील म्हणाले. त्यांना गॅरेज म्हणायचं होतं. चांगुणाला हसू आलं, पण तिनं ते ओढणीत दाबलं, कारण आजोबा हसत नव्हते.

"मी बोललो होतो, ध्यानात हाय ना?" ते म्हणाले. "गाडी रस्त्यात थांबली की कॉलेज थांबलं."

जीप निघून गेली. चांगुणा धुराळ्यात उभी राहिली. आबांचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ, हे सगळ्या वालूर गावाला ठाऊक होतं. दहावीत ती शाळेत पहिली आली, म्हणून वडिलांनी हौसेनं ही बटणावर चालू होणारी नवी स्कूटर आणली होती. वालूरात पुढं शिकायची सोय नव्हती. सेलूच्या कॉलेजला जायचं तर एस.टी. कधी यायची, कधी बंदच्या भानगडीत डेपोतच राहायची. स्कूटर होती म्हणून अकरावी होती. आणि मानवतचे व्यंकटराव, आबांचे जुने दोस्त, पोरासाठी हीच स्कूटर विकत मिळते का बघायला दिवाळीनंतर येणारच होते.

सेलूच्या पंपावर दोन मशिनी होत्या. एकीत साधं पेट्रोल, दुसरीत भारी. तालुक्यात भारी पेट्रोल कोणाला घालायचं हे इंजिन बघून ठरत नसे, माणूस बघून ठरे. पंगतीत मोठ्या पाहुण्याच्या पानावर तूप आधी पडतं, त्यातलाच तो प्रकार. डॉक्टरांच्या गाडीला भारी. कापसाच्या जिनिंगवाल्याच्या गाडीला भारी. वरात निघाली की नवरदेवाच्या गाडीत भारी आणि करवल्यांच्या गाडीत साधं. पंपावरचा सुग्रीव विचारायचादेखील नाही, फेट्याकडं बघूनच नळी उचलायचा. आबांनी पहिल्याच दिवशी त्याला सांगून ठेवलं होतं: चांगुणा रोज येईल, तिच्या गाडीत साधं घाल, आणि पायापाशी डबा असेल त्यात आमच्या जीपीसाठी भारी दे.

दोन महिने असंच चाललं होतं. दोन महिने स्कूटर खोकत होती.

त्या संध्याकाळी चांगुणा अंगणात वडिलांच्या सायकलीत हवा भरत बसली. रागानं भरत होती, त्यामुळं जरा जास्तच जोरात. टायर टणक झाला, पंप जड झाला, तरी ती दाबतच राहिली. शेवटी तळाशी हात लागला आणि तिनं तो झटकन मागं घेतला. पंप चांगलाच तापला होता. विस्तव नाही, ऊन नाही, नुसती हवा दाबली तर ही गत.

ती तिथंच बसून राहिली. कमलकाकूनं आतून दोनदा जेवायला हाक मारली. दुसऱ्या हाकेत शिवी होती, तरी ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती भौतिकशास्त्राच्या सरांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. दोन महिन्यांपूर्वी याच वर्गात हजेरीला "उपस्थित" म्हणताना तिचा आवाज चिरकला होता.

"सर, इंजिनात पेट्रोल दाबलं की ते ठिणगीच्या आधीच पेटत असंल का?"

सर फळा पुसता पुसता थांबले. "पेटतं. आणि मग इंजिन आतून ठोके देतं. तुला कुठं दिसलं हे?"

"दिसलं न्हाई. ऐकू आलं. मग पंपावर ते त्र्याण्णव नि सत्त्याऐंशी लिहिलेलं असतंय ते?"

"आकडा मोठा म्हणजे जोर मोठा, असं लोकांना वाटतं," सर म्हणाले. "तो आकडा सोसण्याचा आहे. किती दाब सोसून गप्प बसेल, त्याचा. जुनी इंजिनं हलकं दाबतात, त्यांना साधं पुरतं. काही नवी इंजिनं कचकचून दाबतात."

चांगुणा "थँक्यू सर" म्हणायचंही विसरली. जिन्यावरून उतरताना तिनं दोन-दोन पायऱ्या गाळल्या.

पंपावर सुग्रीवनं सवयीनं साध्याची नळी उचलली.

"ती न्हाई," चांगुणा म्हणाली. "गाडीत भारी घाल. डब्यात साधं."

सुग्रीवनं तिच्याकडं बघितलं, मग डब्याकडं, मग रस्त्याकडं, जणू आबासाहेब तिथंच कुठंतरी फेटा बांधत उभे असावेत. "उलटं झालं की, ताई. म्हातारं मला उभं चिरंल."

"मला चिरतील. तुला कामून चिरतील?"

"जीप बसली तर?"

"बसली तर मीबी घरी बसते. मग तर झालं?"

सुग्रीवला यात काय झालं ते कळलं नाही, पण त्यानं नळी बदलली.

घरी जाताना टाकीतलं उरलंसुरलं साधं संपेपर्यंत खडे थोडे खुळखुळले, मग खुळखुळ विरली. चढ आला. उडी मारायची वेळ आली आणि निघून गेली, पुलाचा कठडा मागं पडला, आणि स्कूटर आपली गुणगुणतच होती. वर पोचल्यावर चांगुणानं थांबून मागं वळून बघितलं. मग गाडी वळवून खाली नेली आणि चढ पुन्हा चढली, नुसती मजा म्हणून. बैलगाडीवाला एक म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. तिनं त्याला सरपंचबाईच्या थाटात हात केला.

डबा तिनं मुकाट्यानं जीपच्या टाकीत रिकामा केला. पहिल्या दिवशी जीप सुरू होईस्तोवर ती रिकामा डबा धरून तिथंच थांबली. जीप सुरू झाली. दुसऱ्या दिवशीही झाली, आठवड्यानंतरही झाली, आणि पारावर आणि घरी जेवतानाही आबा सगळ्यांना सांगत राहिले की गाडीला खुराक चांगला पाहिजे. चांगुणा भाकरीचा मोठा घास तोंडात कोंबून तिथून उठायची. रोज तिला वाटायचं, आज सांगावं. रोज सकाळी स्कूटर गुणगुणत निघायची आणि सांगणं मागं राहायचं.

दिवाळी झाली आणि व्यंकटराव आले. पांढरी टोपी, तोंडात पान, आल्या आल्या त्यांनी स्कूटरच्या सीटवर थाप मारली.

"चढ चढत न्हाई म्हनं ही. मग भाव जरा समजून सांगा, आबासाहेब."

"सेलूला जाऊ," आबा म्हणाले. "जीपीत तेल भरायचंच हाय. पुलाच्या दोन्ही अंगाला चढ हाय, तुमच्या डोळ्यानं बघा. न्हाई चढली तर घेऊन जा."

चांगुणानं पदर खोचून उभ्या असलेल्या कमलकाकूकडं बघितलं. काकू घरात सगळ्यांत वजनदार बाई होती आणि तिला त्याचा अभिमान होता.

"काकू, चल माज्या मागं."

"मला पाडशील, मेले."

"पाडलं तर दोघी पडू."

काकूनं देवाचं नाव घेतलं आणि बसली. स्कूटरचं मागचं चाक दबलं. जीप पुढं निघाली, स्कूटर मागं. चढ लागला तशी व्यंकटरावांनी जीपमधून मान बाहेर काढली. तिथंच त्यांच्या शेजारून स्कूटर वर गेली, ना खडखड ना ठोका, आणि काकू "आगं हळू, हळू की गं" म्हणत हसत होती. वरच्या अंगाला पोचून दोघी जीपची वाट बघत उभ्या राहिल्या.

पंपावर आले तेव्हा व्यंकटराव पान चघळायचं विसरले होते. "गाडी झकास हाय. आता तर मी घेनारच. आन् आबासाहेब, तुमची जीपबी काय पळायलीय. भारी पेट्रोलची चालच न्यारी."

सुग्रीव नळी हातात धरून उभा होता. तो चांगुणाकडं बघेना.

चांगुणा स्कूटरवरून उतरली. गप्प राहिली असती तर कोणालाच कळलं नसतं. पण गप्प राहून जिंकल्यासारखं तिला वाटेना.

"जीपीत साधं हाय, आबा," ती म्हणाली. आवाज चिरकला नाही. "भारी माज्या गाडीत हाय. मीच सांगितलं सुग्रीवला. तुमच्या जीपीला भारी लागतच न्हाई, माज्या गाडीला लागतंय. म्हनून चढ चढली. त्याला बोलू नका."

वडिलांनी स्टिअरिंगवर हात तसाच ठेवला. काकूनं तोंडाला पदर लावला. व्यंकटराव आधी आबांकडं, मग चांगुणाकडं बघत राहिले. अशा वेळी हसायचं की खाकरायचं ते त्यांना ठरवता येईना.

आबासाहेब सावकाश खाली उतरले. फेट्याचा शेमला मागं टाकला.

"जीपीचा काटा मोडून लय वर्षं झाली," ते म्हणाले. "तेल किती हाय ते बघाया रोज टाकीत काडी बुडवतो मी. भारी तांबडं असतंय, साधं केशरी. दिवाळीच्या आधीपासून काडी केशरी निघायलीय."

चांगुणा पुढं झाली. "मग बोललात कामून न्हाई?"

"जीप काही बोलली न्हाई," आबा म्हणाले. "मग म्या कशाला बोलू?"

ते व्यंकटरावांकडं वळले. "स्कूटर इकायची न्हाई. कॉलेजला लागती. चला, तुमाला चहा पाजतो." मग सुग्रीवकडं बघून त्यांनी बोटानं दाखवलं, आधी स्कूटर, मग जीप. "हिच्यात भारी, तिच्यात साधं. आधी हिची भर."

सुग्रीवनं नळी उचलली. चांगुणानं टाकीचं झाकण उघडलं आणि आत बघत राहिली, कारण वर बघितलं असतं तर सगळ्या पंपाला तिचे दात दिसले असते.

मागं जीप आपल्या पाळीसाठी थांबलेली. वडील सवयीनं हॉर्नवर हात ठेवणार होते. आबासाहेबांनी बाजूनं आत हात घातला आणि त्यांचं मनगट हळूच बाजूला केलं.