इंजिनाला लावलेलं कुंकू

सहदेव गेला तेव्हा त्याची जुनी अ‍ॅम्बेसेडर लोधिवलीच्या गॅरेजात सुटी होऊन पडली होती. त्याच्या बायकोनं, शकूनं, इंजिन एकटीनं बांधत आणलं. पुतणी अक्षदानं हट्टच धरला होता, स्वतःच्या लग्नाला पोशीरला जायचं ते काकाच्या गाडीतूनच, आणि चालवायची काकीनं.

हळद उरकली तरी मॅनिफोल्ड बसलं नव्हतं. पेट्रोल नि हवा इंजिनात नेणाऱ्या नळ्यांचा तो ओतीव तुकडा. इंजिनाच्या हेडला घट्ट टेकला नाही तर फटीतून फुकटची हवा शिरते आणि गाडी चढाला मान टाकते.

"वयनी, सोल्यूशन थापा नि आवळा," धाकटा दीर हरेश, नवरीचा बाप, दारातनं ओरडला. "नायतर भाड्याची गाडी बोलवतो. तसंबी नवरीच्या गाडीवर तुमी नको. लोकं काय म्हंतील?"

आलं पोटातलं ओठावर. विधवेनं नवरी न्यायची नाही. फट बुजवायचं सोल्यूशन नुसतं निमित्त. सहदेव गेल्यापासून घरातल्या प्रत्येक हळदीला तिला मागच्या दारी भांडी घासायला बसवत होते, आजही बसवलं होतं.

गाडी पुजायला आणलेलं हळदीचं ताट बाकावरच पडलं होतं. शकूनं त्यातलं कुंकू चिमटीनं उचललं आणि ऑइलात कालवलं.

"अवो! कुंकवाला हात लावता?"

"इंजिनाला लावतेय. उद्या कपाळाला लावंन. तुझं काय जातं रं?"

हरेश फोन काढत बाहेर गेला.

तिनं लाल बोट हेडवर पातळ फिरवलं, मॅनिफोल्ड दाबलं, सोडवलं. मधे टेकलं तिथं त्यावर लाल उठलं, मागचं टोक कोरडं ठक्क. हेच हरेश सोल्यूशनखाली झाकायला सांगत होता. काचेवर पॉलिशपेपर अंथरून ती मॅनिफोल्ड घासत बसली. पुन्हा कुंकू. टोकाला नुसते ठिपके. पुन्हा घासणं. बाहेर बँडवाले कंटाळले, हरेश फोनवर कुणाकुणाला शिव्या देत राहिला, ती घासत राहिली.

शेवटी लाल सगळीकडं सारखं उठलं. पुसलं, पॅकिंग घातलं, नट आवळले. गाडी चालू झाली ती मांजरासारखी घुरघुरत.

अक्षदा मुंडावळ्या सावरत पुढच्याच सीटवर येऊन बसली.

"उतरा, वयनी," हरेश बॉनेटसमोर हात पसरून उभा राहिला. "सांगतो ते ऐका."

शकूनं पहिला गियर टाकला. लाल बोटांनी हॉर्न दाबला आणि तो बाजूला होईस्तोवर दाबूनच धरला.