शिवण

गेनबाने माझ्या बायकोचं पोट साफ करून टाकलं आणि वर मलाच हसून सांगितलं, "मेणावर शिवण राहिली व्हती सर. गरम सुरीनं काढली. म्हनलं, तुम्ही वरडायच्या आत."

ती शिवण नव्हती. आमच्या आमोदच्या जन्माच्या वेळचा, बेंबीपासून खाली उतरलेला टाक्यांचा वण होता तो.

साच्यातून मेणाचा पुतळा निघतो तेव्हा जोडावर एक उभी रेघ उठते, तिला शिवण म्हणतात. ती राहिली की लोणी काळभोरच्या त्या ओतशाळेत मी पंचवीस वर्षं गेनबाचा उद्धार करत आलो. या खेपेला साचाच नव्हता, मी थेट मेणात काम केलं होतं. आणि एवढं एक वाक्य त्याला सांगायचं मी, शहाणा, विसरलो. मेण वितळून गेलं, त्या जागी ब्राँझ आलं. दुसरी प्रत नाही.

माझ्या शिल्पांतल्या सगळ्या नग्न स्त्रिया म्हणजे माझी बायको नीरजाच. ती मुलींच्या शाळेत शिकवायची, म्हणून सुरुवातीला अंग तिचं आणि चेहरा भलत्याच बाईचा. पुढे मी डोकीच गाळली. समीक्षकांना त्यात फार खोल अर्थ सापडला. वण मात्र मी कधीच केला नाही. पोट कसं, हात फिरवला तर अडखळू नये.

यकृताचा आजार शेवटाला आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी ती म्हणाली, "अहो, जायच्या आधी एकदा मला करा. तुमच्या त्या बायकांना कधी दिवसच गेले नव्हते."

दोन महिने ती उशांना टेकून बसली. सुजलेले पाय, उतरलेले खांदे, तिचाच चेहरा. वणासाठी मी मेणाची बारीक वळी लावली, तेव्हा तिने मान उंचावून पाहिलं. "हं, ही मी," म्हणाली. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. आता तिला उठून बसवतही नव्हतं.

"वेल्डिंगनं वर चढवू की," गेनबा रडकुंडीला येऊन म्हणाला. "आठ दिस द्या सर."

आठ दिवस कुठून आणू? डॉक्टर आता दिवस सांगतच नव्हते. हातभर उंचीची ती मूर्ती टॉवेलात गुंडाळून मी वारज्याला घरी आणली. वाटेत मनात एकच, तिच्या लक्षात न येवो. इतका भित्रा मी कधीच नव्हतो.

मी मूर्ती तिच्या कुशीशी ठेवली. तिने चेहरा चाचपला, खांदे चाचपले, आणि बोट बेंबीवरून खाली नेलं. एकदा. मग पुन्हा.

"गेनबाला ती शिवण वाटली गं," मी म्हणालो. "त्याने काढून टाकली."

"त्याला शिकवलं कुणी?"

मी तिचा हात धरायला गेलो. तिने तो सोडवून घेतला, पांघरुणाखाली स्वतःच्या पोटावर नेला आणि तिथेच ठेवला.