समोरची नळी

"एकटी नळी कधी फिरवायची नाही. समोर तिच्याच वजनाची दुसरी ठेवायची. रक्ताची नसली तर पाण्याची ठेव, पण ठेव. मग झाकण, मग बटण."

मोठ्या बाईंचा हा आवाज अजून माझ्या लोखंडात बसलेला आहे. निवृत्त होण्याआधी त्या नव्या ताईला काम शिकवत होत्या. ताई शिकली, आणि तिच्याबरोबर मीही.

मित्रांनो, मी एक जुनी चक्की आहे. पिठाची नव्हे, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली. माझे खरे नाव सेंट्रिफ्यूज, पण ते घेताना जीभ अडखळते, म्हणून सगळे मला चक्कीच म्हणतात. माझ्या पोटात एक चाक आहे आणि चाकाला नळ्यांची घरे आहेत. रक्त भरलेली नळी त्यात ठेवून मला फिरवले की लाल भाग तळाशी बसतो आणि वर गव्हाळ रंगाचे पाणी उरते. शरीरात काय कमी, काय जास्त, ते त्या पाण्यात शोधतात.

ज्या कारागिराने मला जोडले, त्याने माझे चाक पहिल्यांदा फिरवले आणि झाकणाला कान लावला. "आता सुरात आहे," एवढेच म्हणाला. ते माझे बारसे. पुढे कितीतरी वर्षे मी खिडकीजवळच्या ओट्यावर राबले. मोठ्या बाई रोज सकाळी हात जोडून मगच माझे झाकण उघडत. फिरणे हेच माझे व्रत होते, आणि ते मी मोडले नाही. "आपली चक्की म्हणजे गरीब गाय," असे त्या कौतुकाने म्हणत. गाय इतकी घरघरत नाही, पण प्रेमाने म्हटलेले कोण खोडणार?

एके दिवशी एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीला सगळे भिंगरी म्हणत. ती खुर्चीत टेकली, उठली, पडदा ओढून पाहिला, वजनकाट्यावर चढली. वर्गात तिचे लक्ष एका ओळीपुरतेही टिकत नसे. उत्तर यायचे, पण लिहिता लिहिता मन खिडकीबाहेर पळायचे. रात्री अंथरुणातही पाय थांबत नसत. डॉक्टरांनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या होत्या. त्या फिकट दिसल्या, म्हणून लोह, जस्त आणि जीवनसत्त्वे तपासून घ्यायला सांगितले होते.

भिंगरीने माझ्या काचेला नाक लावले.

"ही एवढी गरागरा फिरते, हिला कुणी ओरडत नाही?"

"तिचं कामच आहे ते," ताई हसून म्हणाली.

"मग माझं का नाही?"

ताईने तिच्या दंडाला पट्टा बांधला. तिने सुई टोचली, भिंगरीने हात झटकला, आईने तो दाबून धरला. लोहाचे टॉनिक कालपासून बंद ठेवायला सांगितले होते, ते ठेवले ना, असे ताईने विचारले. आई हो म्हणाली. म्हणताना ती फरशीकडे बघत होती.

चार दिवसांनी भिंगरीचे वडील तिच्या आईबरोबर रिपोर्ट न्यायला आले आणि तिथेच उभ्याने वाचू लागले. रक्तातले लोह भरपूर होते. त्यांचा चेहरा सैल झाला, मग घट्ट झाला. "म्हणजे रक्तात काही खोट नाही," ते आईला म्हणाले. "हा नुसता हट्ट आहे. शिस्त लागली की जाईल." ते वाईट नव्हते. शाळेतून रोज तक्रार येई आणि ते दमले होते. आई पुन्हा फरशीकडे बघू लागली. त्या महिन्यात भिंगरीला दूरच्या, शिस्तीसाठी नावाजलेल्या निवासी शाळेत ठेवण्यात आले.

वर्षभराने सुट्टीत ती घरी आली. वाळली होती, ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरांनी पुन्हा तपासणी सांगितली, या वेळी शरीरात साठवलेल्या लोहाचीही. सुट्टीचा तो शेवटचा दिवस होता. तिला परत सोडायला वडील बाहेर गाडीत थांबले होते.

मी तिची वाट पाहत होते. ती आली आणि खुर्चीत बसली. पडदा ओढला नाही, वजनकाट्याकडे गेली नाही, माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. एक हात तिने मांडीखाली दाबून ठेवला होता आणि दुसरा ताईपुढे धरला होता. सुई आत गेली तरी पापणी लवली नाही. मग ती आईकडे वळली.

"मी अजिबात हलले नाही. आता घरी राहू?"

 आईने लेकीच्या केसांवरून हात फिरवला. "आजचा दिवस जा, माझी बाय," ती म्हणाली. "रिपोर्ट काहीही येऊ दे. मी तुला न्यायला येईन."

भिंगरीने मान हलवली. असे कुणी म्हणते आणि येत नाही, हे ती वर्षभरात शिकली असावी. ती एकटीच बाहेर गाडीकडे गेली.

आई मात्र दाराशीच थांबली. "मागच्या वेळी मी खोटं बोलले," ती ताईला म्हणाली. "त्या दिवशी निघताना तिला टॉनिक पाजलं होतं, रोजच्यापेक्षा जास्तच. नणंद येता-जाता म्हणायची, पोरीला खायला घालत नाहीस म्हणून ती अशी. मला वाटलं, आज तरी तिचं रक्त चांगलं दिसू दे."

परीक्षेला निघालेल्या लेकराच्या हातावर आई साखर ठेवते ना, तसेच ते झाले होते. नुकतेच पोटात गेलेले लोह त्या सकाळच्या रक्तात उतरले, आणि रिकामे घर भरलेले दिसले.

ताई रागावली नाही. तिने भिंगरीची नळी माझ्यात ठेवली. त्या दिवशी दुसरा नमुना नव्हता. तिने एका नळीत पाणी भरले, वजन जुळवले आणि समोर ठेवले. माझा कणा झिजला होता, तरी मी जपून फिरले.

काही दिवसांनी आई रिपोर्ट न्यायला आली तेव्हा डॉक्टर स्वतः खाली आले. लोहाचा साठा जवळपास संपला होता. तो भरून काढता येईल, ते आईला म्हणाले, पण त्याला महिने लागतील. "आणि एक ऐका. लोह भरलं म्हणून भिंगरी थांबेलच असं नाही. तिच्या मनाची घडणच वेगळी आहे. तो हट्ट नव्हे, आणि तुमच्या स्वयंपाकाचा दोषही नव्हे. उपचार करू, शिकवायची तऱ्हा बदलू. पण ती एकटीने सावरणार नाही. अभ्यासाला बसेल तेव्हा तिच्यासमोर कुणीतरी बसावं लागेल."

"मी बसेन," आई म्हणाली.

मित्रांनो, त्याच दिवशी माझ्या जागी नवी मशीन आली आणि दोघांनी उचलून मला व्हरांड्यात आणून ठेवले. आता अडगळीची खोली. त्याचे मला दुःख नाही. दुःख त्या मांडीखाली दाबलेल्या हाताचे आहे. तुमच्या वर्गात कुणी असा भिरभिरणारा असेल तर त्याला दाबून धरू नका. एकटी नळी फिरली की माझ्यासारखे लोखंडसुद्धा थरथरते, ते तर लेकरू. त्याच्यासमोर जाऊन बसा. पाण्याच्या नळीला समोर बसण्यावाचून दुसरे काय येते? पण तिच्यामुळे मी सुरात फिरत आले.

त्या दिवशी व्हरांड्यातून मला फाटक दिसत होते. आईने रिपोर्ट पदराखाली धरला होता. घराची वाट डावीकडे जाते. तिने क्षणभर तिकडे पाहिले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, आणि कुणाला काही न विचारता उजवीकडे, भिंगरीच्या शाळेची बस जिथून सुटते त्या थांब्याच्या दिशेने चालू लागली.